भाडेकरू राहत असलेला फ्लॅट विकत घेताना

कर्वेनगरमधला तो दोन बेडरूमचा फ्लॅट बघायला गेले तेव्हा दार उघडलं ते भाडेकरू बाईंनी. गॅसवर कुकर होता, हॉलमध्ये मुलाची सायकल उभी होती आणि एजंट एकेका खोलीचा दिवा लावून दाखवत पुढे चालला होता. मी ड्राय बाल्कनी बघत होते, तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही घेतलात तर आम्हाला सोडावं लागेल का? मुलाची दहावी आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा करार कधी संपतो हेच मला ठाऊक नव्हतं. "भाडेकरू आहेत, चांगले आहेत, काही त्रास नाही," एवढं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं.

तो फ्लॅट मी घेतला. खरेदीखत झाल्यावर दोन महिन्यांनी करार हातात आला, तेव्हा कळलं की डिपॉझिट विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे 50 हजार नव्हतं, 1 लाख होतं. आणि ते सगळं त्याच्याकडेच राहिलं होतं. तो फोन उचलेना. भाडेकरूंचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी पैसे भरले होते, त्यांच्याकडे नोंदणी झालेला करार होता. ते घर सोडून गेले तेव्हा 1 लाख रुपये मी माझ्या पदरचे दिले.

पुढे अजून एक फ्लॅट घेतला, नात्यातले काही व्यवहार जवळून पाहिले, वकिलांकडे बसून शंका विचारल्या. त्यातून जमलेलं सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. कुणी विचारलं की आधी काय करू, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: टोकनचा एक रुपयाही देण्याआधी आत राहणाऱ्या माणसाशी बोला आणि त्याचा करार स्वतः वाचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 3 मध्ये तर हे गृहीतच धरलंय. जागा ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे, त्याचा जो काही हक्क असेल त्याची खरेदीदाराला माहिती होती, असं कायदा मानतो. "मला कुणी सांगितलंच नाही" हे कोर्टात चालत नाही.

जे लिहिते आहे ते महाराष्ट्रापुरतं. गोव्यात, कर्नाटकात भाड्याचे कायदे वेगळे आहेत.

भाडं हवंय की घर हवंय?

हा प्रश्न आधी घरात बसून सोडवा. दरमहा भाडं यावं म्हणून घेत असाल, तर चांगला भाडेकरू आयता मिळणं फायद्याचं आहे. घर रिकामं पडत नाही, दलाली नाही, रंगकाम नाही, पहिल्या महिन्यापासून हप्त्याला हातभार लागतो.

पण स्वतः राहायला जायचं असेल तर वेगळा विचार करा. अशा वेळी माझा सल्ला साधा आहे: घर रिकामं करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तीही खरेदीखताच्या आधी. "सही होऊन जाऊ दे, मग मी महिन्याभरात काढून देतो" या वाक्यावर विसंबू नका. पूर्ण पैसे हातात पडल्यावर त्याला घाई उरत नाही, आणि भाडेकरूशी ज्याची ओळखदेख नाही असे तुम्ही त्याच्या दारात उभे राहता. साठेखतात (खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या करारात) रिकाम्या ताब्याची तारीख लिहून घ्या, मोठी रक्कम ताब्याच्या दिवसापर्यंत मागे ठेवा, आणि रजिस्ट्रेशनला जायच्या दिवशी सकाळी स्वतः घरात जाऊन रिकाम्या खोल्या बघून या.

भाडेकरूच्या करारात बहुधा एक महिन्याच्या नोटिशीची अट असते, पण लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) चालू असेल तर ती अट तेवढा काळ लागू होत नाही. म्हणून विकणारा म्हणतो त्या तारखेला घर खरंच रिकामं होऊ शकतं का, हे करार वाचल्याशिवाय कळणार नाही. लवकर सोडण्यासाठी भाडेकरूला काही भरपाई द्यायची ठरली तर ती कुणी द्यायची, हेही तेव्हाच बोलून घ्या.

कागद कुठल्या जातीचा आहे?

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायद्यात तीन वेगवेगळी माणसं असतात आणि तुमचं पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

पहिला प्रकार लीव्ह अँड लायसन्सचा. शहरांतले बहुतेक फ्लॅट असेच दिलेले असतात, 11, 22, 36 किंवा 60 महिन्यांसाठी. यात राहणाऱ्याला घर वापरायची परवानगी असते; घरात त्याचा मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा हितसंबंध तयार होत नाही. हा परवाना भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 खाली येतो आणि त्याचं कलम 59 खरेदीदाराने वाचावं असं आहे: परवाना देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर नवा मालक त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. ऐकून खरेदीदार खूश होतात, पण याचा अर्थ कुलूप बदलायला मोकळीक मिळाली असा नाही. राहणाऱ्याला निघायला वाजवी मुदत द्यावी लागते, मुदतीआधी काढलं तर तो ज्याने करार केला त्याच्याकडे, म्हणजे विकणाऱ्याकडे, भरपाई मागू शकतो, आणि जबरदस्तीने बाहेर काढलंत तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो.

याच कलमाची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. नवा मालक आपोआप बांधला जात नाही, तसा जुन्या करारातला प्रत्येक फायदाही त्याला निर्विवाद मिळतो असं नाही. मुदत संपूनही राहणारा निघाला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. साध्या दाव्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ जलद आहे, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. पण त्या कलमाच्या स्पष्टीकरणात मालकाच्या मृत्यूनंतर मालक झालेल्या वारसाचा उल्लेख आहे, विकत घेणाऱ्याचा नाही. या फटीतून वाद उभा राहू शकतो. तो टाळायचा उपाय सोपा आहे: खरेदीनंतर लगेच तुमच्या नावाने नवा करार. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरा प्रकार भाडेपट्ट्याचा. दुकानं, ऑफिसं, गोडाऊन यांत हा जास्त दिसतो. इथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 109 लागू होतं. तुम्ही विकणाऱ्याच्या जागी उभे राहता. भाडं घ्यायचा हक्क तुमचा, आणि भाडेकरूने तसं निवडलं तर मालकाच्या जबाबदाऱ्याही तुमच्या. मुदत संपेपर्यंत तो राहणार. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. खरेदीच्या आधीची थकबाकी तुम्हाला आपोआप मिळत नाही. आणि मालक बदलल्याची कल्पना नसलेल्या भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर तेच भाडं तुम्ही त्याच्याकडून पुन्हा मागू शकत नाही. म्हणून लेखी कळवणं किती गरजेचं आहे ते लक्षात येईल.

कागदावर वर काय छापलंय यावर मात्र डोळे मिटून जाऊ नका. परवाना की भाडेपट्टा हे ठरवताना दोन्ही पक्षांचा हेतू आणि करारातला मजकूर बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलंय. शंका असेल तर वकिलाची फी वाचवू नका.

तिसरा प्रकार जुन्या भाडेकरूचा, पागडीचा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्याने दिलेल्या जागेचा. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळी, पुण्यातल्या पेठांमधले वाडे. भाडं शे-दोनशे रुपये, राहणारी तिसरी पिढी. कायद्याने मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, ती शे-दोनशेवर किती होणार! भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी मागणी करून 90 दिवस थांबावं लागतं. "मला स्वतःला राहायचंय" म्हणून दावा केला, तर कोर्ट तुमची गरज खरी आहे का हे बघतं आणि जास्त अडचण कुणाची होईल याची तुलनाही करतं. हे दावे वर्षानुवर्षं चालतात. अशी जागा स्वस्त दिसते, कारण तिची किंमत भाडेकरूच्या हक्काने खाल्लेली असते. दोन वर्षांत खाली करून घेऊ, या हिशेबाने ती घेऊ नका. पुनर्विकासाचं ठोस काही पुढे आलेलं असेल आणि ते तुम्ही कागदावर तपासलं असेल, तरच विचार करा. या लेखाचा पुढचा भाग या प्रकाराला लागू नाही.

दारात विचारायचे प्रश्न

विकणाऱ्याला सांगून, वेळ ठरवून भाडेकरूकडे जा. शक्यतो एजंटशिवाय. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी सकाळी घरातली कर्ती माणसं भेटतात. आधी स्वतःबद्दल सांगा: मी घर घ्यायचा विचार करतेय, तुम्हाला अचानक काढणार नाही, फक्त माहिती हवीय. दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी मी एवढं म्हणाले आणि तिथल्या काकांनी स्वतःच कपाटातून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला करार काढून टीपॉयवर ठेवला. वर म्हणाले, "मागच्या महिन्यात गीझर मी बदललाय. साडेसात हजार. मालक म्हणाले भाड्यात वळते करू, अजून केलेले नाहीत." हे विकणाऱ्याने मला सांगितलेलं नव्हतं. करारातही कुठून असणार? समोरासमोर बसल्यावरच हे कळतं.

विचारायचं ते हे. भाडं किती देता, कुठल्या तारखेला, कुणाच्या खात्यात? डिपॉझिट किती दिलं आणि कसं, बँकेतून की रोख? पुढच्या महिन्यांचं भाडं आगाऊ दिलंय का, पुढच्या तारखांचे चेक दिलेत का? परदेशात राहणारे मालक कधी वर्षभराचे चेक एकदम घेऊन ठेवतात. ते चेक परत झाले नाहीत तर तुमचं भाडं जुन्या मालकाच्या खात्यात जात राहील. मेंटेनन्स कोण भरतं? घरात फर्निचर, एसी, पंखे मालकाचे कुठले आणि तुमचे कुठले? स्वतःच्या खर्चाने काही बांधकाम केलंय का? हा प्रश्न सोडू नका. परवान्याच्या भरवशावर कुणी कायमस्वरूपी बांधकाम खर्चून केलं असेल, तर तो परवाना रद्द करणं अवघड होतं. आणि शेवटी: तुम्हाला किती दिवस राहायचंय?

डिपॉझिट रोख दिल्याचं कुणी सांगितलं, तर त्याच बैठकीत विकणाऱ्याला फोन लावून दोघांसमोर आकडा पक्का करून घ्या. अवघड वाटतं, पण माझा 1 लाखाचा अनुभव आठवा.

भाडेकरूने भेटायलाच नकार दिला, किंवा विकणारा "त्यांना कशाला त्रास" म्हणून भेट टाळत राहिला, तर मी तो व्यवहार पुढे नेणार नाही.

करार वाचताना

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर असते आणि न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "11 महिन्यांचाच आहे म्हणून नोंदणी लागत नाही" हा समज अजून ऐकू येतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर मिळाली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद दाखवला तर थांबा. आधी विकणाऱ्याने भाडेकरूसोबत नोंदणी करार करावा, मग पुढे बोलू, असं सांगा.

झेरॉक्सवर भागवू नका. दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय लिहून घ्या आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) जुळवा. त्याच शोधात दुसऱ्या कुणाच्या नावाचा करार चालू आहे का तेही दिसतं.

वाचताना बोट ठेवून थांबायच्या जागा: मुदत सुरू आणि संपण्याची तारीख, दोघांचं लॉक-इन, नोटीस, दरवर्षीची भाडेवाढ, मुदत वाढवून देण्याची अट, आणि मालकाने घर विकलं तर काय, याबद्दल एखादं कलम. हे शेवटचं कलम पुष्कळदा नसतं, पण असलं तर सगळं त्यावर ठरतं. "भाडेकरूला आधी विचारल्याशिवाय विकणार नाही" अशी अट लिहिलेली असेल, तर भाडेकरूकडून लेखी नकार घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. करारावर सही कुणाची आहे तेही बघा. मुलगा अमेरिकेत आणि वडिलांनी कुलमुखत्यारपत्रावर सही केलेली, असं पुण्यात घरोघरी दिसतं. त्या मुखत्यारपत्रात भाड्याने द्यायचा अधिकार असेल पण विकायचा नसेल, हे होऊ शकतं.

किंमत आणि हिशेब

चांगलं भाडं येतंय म्हणून विकणारा किंमत चढवून सांगतो. आसपासच्या दोन-तीन घरांचं भाडं विचारून बघा. मालकाच्या मेहुण्याने विक्रीच्या तोंडावर वाढीव भाड्याने घेतलेला फ्लॅटही मी पाहिलाय. खरेदी होताच तीन महिन्यांत तो मेहुणा निघून गेला. मागच्या वर्षभराच्या भाड्याच्या बँक नोंदी मागा. हा आगाऊपणा नाही, विकणारा खरा असेल तर तो सहज देतो.

आता डिपॉझिटचं उदाहरण. समजा किंमत 72 लाख, भाडं 24,000, डिपॉझिट 75,000, भाडं दर महिन्याच्या 5 तारखेला त्या महिन्याचं येतं. खरेदीखत 18 जूनला. जूनचं भाडं विकणाऱ्याच्या खात्यात आधीच गेलंय, पण 18 ते 30 जून हे 13 दिवस तुमचे. 24,000 भागिले 30 म्हणजे रोजचे 800, गुणिले 13, म्हणजे 10,400. डिपॉझिट 75,000 मिळवा. विकणाऱ्याने तुम्हाला 85,400 द्यायचे. गीझरसारखं भाडेकरूचं काही येणं असेल तर तेही इथेच मिटवा.

ही रक्कम किमतीतून कापून खरेदीखतात 71 लाख काहीतरी लिहू नका. खरेदीची किंमत 72 लाखच राहील, मुद्रांक शुल्कही पूर्ण किमतीवर किंवा रेडीरेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर. पैसे कसे दिले या परिच्छेदात वळते केलेले 85,400 वेगळे दाखवायचे. 50 लाख किंवा त्यावरच्या घरावर खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा 1 टक्का टीडीएसही (विकणाऱ्याच्या नावचा कर) पूर्ण रकमेवर, म्हणजे इथे 72,000. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात कितीतरी जास्त असते. टोकनआधीच सीएकडे जा.

कर्ज घेत असाल तर अजून एक अडचण येते, आणि ती शेवटच्या आठवड्यात येते. बँक आपला चेक थेट विकणाऱ्याच्या नावे काढते, त्यात डिपॉझिट वळतं करायची सोय नसते. म्हणून तुमच्या स्वतःच्या हिश्शाच्या शेवटच्या चेकमध्ये ही रक्कम बसेल एवढा तो मोठा ठेवा. घरात भाडेकरू आहे हे बँकेला अर्जातच सांगा. मूल्यांकनाला आलेला माणूस दार वाजवणारच, आणि काही बँका भाडेकरूचं पत्र किंवा रिकामा ताबा मागतात. हे मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते वाचून आधी मोकळं करा.

साठेखत आणि खरेदीखतात काय हवं

छापील मसुद्यात "निर्वेध आणि रिकामा ताबा दिला आहे" हे वाक्य ठरलेलं असतं. आत कुटुंब राहत असताना ते वाक्य खोटं आहे, ते काढायला लावा. त्याजागी भाडेकरूसह प्रतीकात्मक ताबा दिल्याचं लिहा आणि कराराचा सगळा तपशील घाला: दस्त क्रमांक, तारीख, मुदत, भाडं, डिपॉझिट.

मग विकणाऱ्याकडून स्पष्ट लिहून घ्या की याखेरीज दुसरा लेखी किंवा तोंडी करार नाही, मुदतवाढीचा शब्द दिलेला नाही, आगाऊ भाडं किंवा पागडी घेतलेली नाही, भाडेकरूशी कुठला दावा चालू नाही, आणि यातलं काही खोटं निघालं तर होणारं नुकसान तो भरून देईल. मालकी तुमच्याकडे आली त्या दिवसापासूनचं भाडं तुमचं, त्याआधीचं त्याचं. जुनी थकबाकी असेल तर ती कुणी वसूल करायची तेही लिहा, नाहीतर तो तुमच्या भाडेकरूच्या दारात जात राहील. कराराची प्रत खरेदीखताला जोडा.

रजिस्ट्रेशनचा दिवस

त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातून निघाल्यावर विकणाऱ्याला सोबत घेऊन थेट भाडेकरूकडे जा. दोन पत्रं तयार ठेवा. एक विकणाऱ्याचं, साधारण असं:

"आपण राहत असलेली सदनिका मी आजच्या तारखेला श्रीमती अमुक यांना नोंदणीकृत खरेदीखताने विकली आहे. आपली अनामत रक्कम रुपये 75,000 मी त्यांच्याकडे सुपूर्द केली असून ती परत करण्याची जबाबदारी यापुढे त्यांची राहील. 1 जुलैपासूनचे भाडे कृपया त्यांच्या पुढील बँक खात्यात जमा करावे."

दुसरं भाडेकरूचं, तुमच्या नावाने: नव्या मालकाची माहिती मिळाली, भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, करार या तारखेला संपतो, जुन्या मालकाकडून माझं दुसरं काही येणं नाही. दोन्हींवर तिघांच्या सह्या, प्रत्येकाला एक प्रत. खाते क्रमांक तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर एकट्याने पाठवू नका. अनोळखी माणसाने "आता भाडं मला पाठवा" म्हटलं तर शहाणा भाडेकरू पाठवणार नाही, आणि त्याने पाठवूही नये. मी पेढ्यांचा पुडाही नेते. त्या घरात त्या दिवशी सगळ्यांनाच धाकधूक असते.

जाताना खोल्यांचे, नळांचे, फिटिंगचे फोटो भाडेकरूसमोर काढा आणि वीज मीटरचा आकडा टिपून घ्या. पुढे डिपॉझिटमधून काही कापायची वेळ आली तर भिंतीवरची ओल आधीची की नंतरची, हे या फोटोंवरून ठरतं.

नवा करार, आणि पुढे

जुन्या कराराचे सहा-आठ महिने शिल्लक असले तरी तुमच्या नावाने नवा लीव्ह अँड लायसन्स करा. भाडं, डिपॉझिट, अटी त्याच ठेवा. मुदत संपायच्या आधी भाडं वाढवायला जाऊ नका, भाडेकरू सही करणार नाही आणि ते योग्यही नाही. नव्या करारात जुना करार दोघांच्या संमतीने संपला असं एक वाक्य घाला. खर्च फार नाही. 24 महिन्यांचा करार धरला तर एकूण भाडं 5,76,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 15,000 मिळवायचं, आणि बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे साधारण दीड हजार. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो.

भाडेकरूची माहिती नव्या मालकाच्या नावाने पोलिसांकडे नोंदवा. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट नावावर करायचा अर्ज देतानाच नव्या कराराची प्रत द्या. घर भाड्याने असल्यामुळे सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते; ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरता येत नाहीत. जुन्या मालकाचे काही थकले असेल तर सोसायटी ना-हरकत पत्र (एनओसी) देताना ते निघतं, म्हणून ते शेवटच्या चेकआधी विचारायचं.

मिळकतकर, वीजबिल नावावर करून घ्या. भाडं घरभाडं उत्पन्नात दाखवा. महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

भाडं थकलं, खटके उडाले, तरी पाणी किंवा वीज कधीही तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 त्याला मनाई करतं, आणि तुमची बाजू कितीही खरी असली तरी त्या एका कृतीने ती बिघडते. नोटीस द्या, नाहीच ऐकलं तर वकील गाठा.

कर्वेनगरच्या बाईंचा मुलगा दहावी झाला, मग त्यांनी अकरावीसाठी कॉलेजजवळ घर बघितलं. निघायच्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून आम्ही हिशेब केला: शेवटचं वीजबिल, तुटलेली एक खिडकीची काच. बाकीचे पैसे मी तिथेच बसून फोनवरून त्यांच्या खात्यात टाकले, मेसेज आल्याचं त्यांनी दाखवलं, मग किल्ल्यांचे तिन्ही जुडगे माझ्या हातात दिले.